लाट किती सेकंदांची?

पावसाळ्यात एक बातमी दर वर्षी न चुकता येते: ‘मुंबईत आज ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. खरं तर तो आकडा भरतीचा असतो. चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे त्या दिवशी पाणी किती चढणार, एवढंच तो सांगतो. लाट उठते ती वाऱ्यामुळे. वारा पडलेला असेल, तर एवढ्या भरतीतही समुद्र परातीतल्या पाण्यासारखा संथ राहू शकतो. कोकणातल्या मच्छीमाराला उधाण आणि लाट यांतला फरक लहानपणीच कळतो. बातमीत तो दर वर्षी पुसला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिवाळ्यात हाच घोळ हवाईच्या बाबतीत होतो. डिसेंबर-जानेवारीत ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, वाइमिआ उपसागरात, तीन-चार मजली लाटा फुटतानाचे व्हिडिओ फिरू लागतात आणि खाली कुणीतरी ‘पौर्णिमेचा प्रभाव’ असं लिहून जातं. हवाईत भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही भरत नाही. चंद्राचा या लाटांशी संबंध जोडायला तिथे जागाच नाही.

व्हिडिओत बघण्यासारखी गोष्ट वेगळीच असते. स्वच्छ ऊन पडलेलं असतं, माडाच्या झावळ्या सावकाश हलत असतात. मग वादळ कुठे आहे? ते असतं दोन-तीन हजार किलोमीटर दूर, उत्तर पॅसिफिकमध्ये, आणि ते असतं दोन-तीन दिवसांपूर्वीचं. आशियाच्या भूमीवरून येणारी गोठवणारी कोरडी हवा समुद्रावरच्या उबदार हवेला भिडते आणि अल्यूशियन बेटांच्या आसपास कमी दाबाची मोठमोठी क्षेत्रं तयार होतात. वारा किती जोरात, किती तास आणि समुद्राच्या किती लांब पट्ट्यावर सलग घासत राहिला, यावर लाटा ठरतात. वादळाच्या पोटात मात्र सगळा गोंधळच असतो: लहान-मोठ्या, आखूड-लांब लाटा एकमेकींवर चढलेल्या.

आता मला सगळ्यांत आवडणारा भाग. हा गोंधळ समुद्र स्वतःच निवडतो, धान्य पाखडावं तसा.

दूरवरून गणपतीची मिरवणूक येत असेल, तर ढोल आणि ताशा आपल्याला एकत्रच ऐकू येतात, कारण हवेत खर्जाचा आणि वरच्या पट्टीचा आवाज एकाच वेगाने जातो. खोल पाण्यातल्या लाटांचं तसं नाही. एक माथा गेल्यावर पुढचा माथा यायला जितके सेकंद लागतात, तो लाटेचा आवर्तकाल. तो जितका मोठा, तितकी लाट वेगवान. २० सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी ५६ किलोमीटरने पुढे सरकते, १० सेकंदांच्या लाटांची २८ने. आवाज असा वागला असता, तर ढोल आधी येऊन गेला असता आणि ताशा मागाहून.

‘ऊर्जा सरकते’ असं मी मुद्दाम म्हटलं. एकेक माथा प्रत्यक्षात याच्या दुप्पट वेगाने धावतो. लाटांचा जथा पुढे जात असताना माथे मागच्या टोकाला जन्मतात, जथ्यातून पळत पुढे येतात आणि पुढच्या टोकाला विरून जातात. संथ तळ्यात दगड टाकून कडांवर नजर खिळवून बघा, हे दिसतं. म्हणून किनाऱ्यावर पोचणारी लाट वादळातून निघालेला माथा नसते. पोचते ती त्याची ऊर्जा, अनेक हात बदलून.

या वेगांच्या फरकातून एक सुंदर हिशेब निघतो. ३००० किलोमीटरवरून २० सेकंदांच्या लाटा ५३ तासांत येतात, १६ सेकंदांच्या ६७ तासांत. म्हणजे दोन्हींच्या आगमनात सुमारे १४ तासांचं अंतर पडतं. वादळ ६००० किलोमीटरवर असेल, तर हे अंतर दुप्पट होतं. उपग्रह नसला तरी नुसतं किनाऱ्यावर बसून, घड्याळ लावून, वादळ किती दूर होतं ते सांगता येतं. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी हेच केलं. १९६३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मापकांची साखळी लावली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडून अलास्कातल्या याकुटाटच्या किनाऱ्याला लागताना टिपल्या.

सर्फिंग करणारे म्हणूनच अंदाजात आधी सेकंद बघतात, मग उंची. लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या तरंगलांबीच्या, म्हणजे दोन माथ्यांमधल्या अंतराच्या, निम्म्या खोलीवर. १० सेकंदांच्या लाटेसाठी ती खोली ७८ मीटर आहे, २० सेकंदांच्या लाटेसाठी ३१२ मीटर. लांब लाट इतक्या आधीपासून मंदावू लागते, मागून येणारी ऊर्जा दाटत जाते आणि खुल्या समुद्रात जेमतेम जाणवलेला उंचवटा खडकाजवळ भिंतीसारखा उभा राहतो.

अंदाजाचा दुसरा अर्धा भाग स्थानिक हवेचा. वादळ बलाढ्य हवं, पण दूर हवं. ते बेटाजवळ आलं तर त्याचाच वारा लाटांची तोंडं, म्हणजे पुढची उभी बाजू, विस्कटून टाकतो. वाइमिआत एडी ऐकाऊ या जीवरक्षकाच्या स्मरणार्थ होणारी सर्फिंग स्पर्धा लाटांची तोंडं साधारण १२ मीटर उंच होणार असतील तरच भरते. जानेवारी २०२३मध्ये आयोजकांनी ११ तारखेसाठी हिरवा कंदील दाखवला आणि अंदाज बदलताच तो मागे घेतला. पुढे २२ तारखेला सगळं जुळलं आणि स्पर्धा जिंकली ल्यूक शेपर्डसन या जीवरक्षकाने, त्या दिवशी ड्यूटीवर असतानाच, मधल्या सुट्टीत लाटांवर उतरून.

आपल्याकडेही हीच यंत्रणा चालते, फक्त दिशा उलटी. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडे वारा नसताना, केरळच्या किनाऱ्यावर चढतात. तिथले मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र. मे २०२४च्या सुरुवातीला समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेने मुंबईच्या किनाऱ्यालाही अशा लाटांचा इशारा दिला होता. उंची सांगितली होती अर्धा ते दीड मीटर. ४.८ मीटरच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळच वाटणार. पण लांब लाटा जथ्याजथ्याने येतात. दोन जथ्यांच्या मध्ये दहा-दहा मिनिटं पाणी निपचित पडलेलं असतं, आणि लोक फोटो काढायला खडकावर उतरतात ते नेमके तेव्हाच.