फ्लाइट सिम्युलेटरमधील स्टटर

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा कार्यक्रम, चालू असताना पडद्यावरचे दृश्य सलग न सरकता क्षणभर थबकते आणि मग उडी मारून पुढे जाते, याला स्टटर म्हणतात. बोलताना आपण ‘अडकतंय’, ‘झटके देतंय’ किंवा सरसकट ‘लॅग मारतंय’ म्हणतो, पण लॅग ही वेगळी तक्रार आहे. जॉयस्टिक हलवल्यावर विमान उशिरा वळले तर तो लॅग. सगळेच दृश्य संथ चालले तर फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) संख्या, कमी. स्टटरमध्ये मात्र फ्रेमदराचा आकडा बरा दिसत असूनही डोळ्यांना हिसके बसतात. त्यामुळे कमी ताकदीच्या लॅपटॉपवर त्याचे कारण बहुधा भलत्याच ठिकाणी शोधले जाते.

फ्रेमचा हिशेब

साध्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक ठोका पडतो. सिम्युलेटरने प्रत्येक ठोक्याला नवी फ्रेम दिली तर गती गुळगुळीत दिसते. ३० फ्रेम मिळाल्या तर प्रत्येक फ्रेम नेमके दोन ठोके टिकते आणि तेही डोळ्यांना सुसह्य असते. अडचण मधल्या आकड्यांची आहे. ४० फ्रेम मिळत असतील तर एक फ्रेम एक ठोका टिकते, पुढची दोन ठोके, मग पुन्हा एक, आणि धावपट्टी लंगडत जवळ येते. म्हणून स्थिर ३० हे डळमळत्या ४० पेक्षा चांगले. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा ताज्या होणाऱ्या, पडद्यावर हाच हिशेब ३६, ४८ किंवा ७२ ला जुळतो.

फ्रेम मोजणारा मीटर इथे फसवा ठरतो. एका सेकंदात ४८ फ्रेम वेळेवर आल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद अडली, तर मीटर ४९ दाखवतो. वैमानिकाला मात्र फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) ऐन क्षणी पाचव्या हिश्श्याचा सेकंद आंधळा मिळतो. तो दांडी जास्त ओढतो, विमान उचलले जाते, मग तो ढकलतो. अनेकांचे आपटलेले लँडिंग हाताच्या चुकीपेक्षा या एका फ्रेमचे असते. त्यामुळे पाहायचा तो सरासरी फ्रेमदर नव्हे, तर प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये प्रोसेसरचा आणि ग्राफिक्सचा वेळ वेगवेगळा दाखवण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीत डेव्हलपर मोडमध्ये फ्रेमदर दाखवणे चालू केले की नेमके काय अडते आहे ते कोपऱ्यात लिहून येते.

प्रोसेसरवरचा भार

गोळीबाराच्या खेळात बहुतेक ओझे ग्राफिक्स चिपवर पडते. सिम्युलेटरमध्ये विमानाचे वायुगतिकीय गणित, यंत्रणा, काचेच्या पॅनेलवरची (डिजिटल पडद्यांवरची) उपकरणे, इतर विमानांची रहदारी आणि पुढे येणाऱ्या भूप्रदेशाची जुळवाजुळव हे सगळे प्रोसेसरच्या वाट्याला येते. त्यातला मोठा भाग एकाच मुख्य थ्रेडमधून (कामांच्या रांगेतून), म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणित करणाऱ्या भागावर) जातो. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सचे दुखणे हेच होते. आठ कोअर असले तरी एक घाम गाळतो आणि बाकीचे बघत बसतात. पुढे सर्व्हिस पॅकने (सुधारणांच्या संचाने) अनेक कोअरचा थोडा उपयोग सुरू केला. पण तो कार्यक्रम ३२ बिटांचा असल्याने ४ गिगाबाइटच्या पलीकडची मेमरी त्याला कधीच वापरता आली नाही. एक्स-प्लेनने २०२० मध्ये ११.५० आवृत्तीत ग्राफिक्स चिपशी बोलण्याचे जुने माध्यम ओपनजीएल मागे टाकून व्हल्कन हे नवे आणले, ते मुख्यतः झटके कमी करण्यासाठी.

लॅपटॉपची अडचण यापुढे सुरू होते. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरच्या किमान गरजांच्या यादीत इंटेलचा आय५-४४६० हा प्रोसेसर आहे. तो डेस्कटॉपचा, ८४ वॅटचा. घराघरांतल्या लॅपटॉपमधला आय५-८२५०यू त्यानंतरच्या पिढ्यांमधला असूनही १५ वॅटचा आहे. त्याची मूळ गती १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बोमध्ये, म्हणजे तात्पुरती वाढवलेली, ३.४. नाव तेच ‘आय५’, म्हणून खरेदी करणारा निर्धास्त होतो. टर्बोची गती पातळ लॅपटॉपला फार वेळ टिकवता येत नाही. चिप तापते, गती उतरते, थोडी निवली की पुन्हा चढते, आणि या चढउतारातून झटके जन्मतात. उड्डाणाची पहिली दहा मिनिटे सुरेख आणि मग बिघाड, असे होत असेल तर उष्णतेवर संशय घ्यावा. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तर तो घ्यावाच. खोलीचेच तापमान चाळिशीपार गेले की पंख्याला आत ओढायला थंड हवा कुठून मिळणार? गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची तळाची जाळी बुजते, तेही याच गटात.

यावर एक उपाय उफराटा वाटतो, पण चालतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के केली की इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपांत टर्बो बंद होतो. कमाल गती गमावली जाते, पण तापमान खाली राहते आणि चढउतार थांबतो. १.६ सारखी मूळ गती फारच कमी असेल तर मात्र हा सौदा महागात पडतो. त्याआधी पंख्यातली धूळ काढणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घेणे शहाणपणाचे. चार्जर काढून उडणे हा तर स्वतःहून ओढवून घेतलेला स्टटर, कारण बॅटरीवर यंत्र आपली ताकद आवरते घेते.

दोषी कोण, हे शोधण्याची साधी कसोटी आहे. रिझोल्यूशन (दृश्यातल्या ठिपक्यांची संख्या) एकदम खाली आणावे. फ्रेमदर वाढला तर ग्राफिक्स चिप दमली होती. तसूभरही हलला नाही तर प्रोसेसर. चाचणी नेहमी एकाच जागी, एकाच हवामानात घ्यावी आणि एका वेळी एकच सेटिंग बदलावी. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर निरभ्र दुपारी मोजलेले आकडे जळगावच्या मोकळ्या माळावरच्या आकड्यांशी ताडून काही कळत नाही. खाली दाटीवाटीचे शहर असले की वस्तूंची संख्याच कैक पट होते.

प्रोसेसर दमत असेल तर वस्तूंची घनता, रहदारी आणि भूप्रदेश किती दूरपर्यंत तपशिलात दिसावा याची मर्यादा कमी करावी. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये काचेच्या पॅनेलची ताजे होण्याची गतीही उतरवता येते. विमानाची निवड यात अनेकांच्या ध्यानी येत नाही. काट्यांची उपकरणे असलेले सेसना १५२ हे डिजिटल पडद्यांच्या प्रवासी विमानापेक्षा कितीतरी हलके पडते. ग्राफिक्स चिप दमत असेल तर सावल्या, ढग, पाण्यातली प्रतिबिंबे आणि अँटी-अलियासिंग (कडा गुळगुळीत करणे) यांना कात्री लावावी. आणि दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये सिम्युलेटर खरोखर ताकदवान चिपवर चालतो आहे का, हे विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये आधी तपासावे. सगळा खटाटोप झाल्यावर तो दुबळ्या चिपवर चालत होता असे कळणे काही दुर्मीळ नाही.

यानंतर फ्रेमदराला कुलूप. यंत्र सर्वांत वाईट प्रसंगी जेवढ्या फ्रेम देते, त्याच्या जवळची आणि पडद्याच्या ठोक्यांना भाग जाणारी मर्यादा घालावी. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ती ३०. मर्यादा घातल्यावर प्रोसेसरला दोन फ्रेमांमध्ये श्वास घ्यायला वेळ उरतो, आणि त्या वेळात तो पुढचा भूप्रदेश उचलून ठेवतो. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे, आणि ‘माझ्याकडे ५० येतात’ या अभिमानापायी तो सर्वांत शेवटी केला जातो.

मेमरी, डिस्क आणि इंटरनेट

रॅमची एकच पट्टी असणे हा लॅपटॉपचा लपलेला दोष आहे. डीडीआर४-२४०० ची एक पट्टी सेकंदाला १९.२ गिगाबाइट वाहून नेते, दोन पट्ट्या ३८.४. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते याच वाटेवर अवलंबून असते. अशा यंत्रात ८ गिगाबाइटची दुसरी पट्टी टाकल्याने जो फरक पडतो तो कुठल्याही सेटिंगने पडत नाही. वेगळी ग्राफिक्स चिप असली पण तिची मेमरी २ गिगाबाइटच असली, तर मोठे टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) तिच्यात मावत नाहीत आणि मान वळवली की दृश्य अडते. तिथे टेक्श्चरची पातळी उतरवण्यावाचून इलाज नाही.

फिरत्या हार्ड डिस्कवर सिम्युलेटर असेल तर दर काही मैलांवर नवा भूप्रदेश उचलताना थांबा येतो. तो एसएसडीवर हलवणे हाच उपाय. पहिल्या उड्डाणात झटके आणि त्याच मार्गावरच्या दुसऱ्या उड्डाणात नाही, असे झाले तर ते शेडर (दृश्य रंगवणारे ग्राफिक्स चिपचे छोटे कार्यक्रम) तयार होण्याचे लक्षण. त्यावर काही करू नये. २०२० चा सिम्युलेटर जमिनीची छायाचित्रे इंटरनेटवरून ओढतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडणाऱ्याने एसएसडीवर रोलिंग कॅश (उतरवलेल्या दृश्यांचा साठा) ठेवावी आणि फोटोग्रामेट्री (छायाचित्रांवरून बनवलेली त्रिमितीय शहरे) बंद करावी.

फ्रेमदर फारच कोसळला तर एक्स-प्लेन वेगळीच युक्ती करतो. सेकंदाला साधारण २० फ्रेमांच्या खाली गेल्यावर उड्डाणाचे गणित बिघडू नये म्हणून तो सिम्युलेटरमधला काळच मंद करतो. एकट्याने उडताना हे जाणवतही नाही. ऑनलाइन रहदारीत मात्र मागून येणारे विमान खऱ्या घड्याळाने उडत असते आणि आपले मंद घड्याळाने, त्यामुळे ते हळूहळू आपल्या शेपटीवर येऊन ठेपते.