पोट कडक होतंय: खोट्या कळा की वेळेआधीच्या?

सातव्या-आठव्या महिन्यात पोट मधूनच दगडासारखं कडक होतं आणि मिनिटभरात सैल पडतं. बहुतेक वेळा या खोट्या कळा असतात. डॉक्टर त्यांना ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात. खूप वेळ उभं राहिलं, पाणी कमी पडलं, लघवी तुंबवली की त्या येतात आणि कूस बदलली की बऱ्याचदा विरतात.

37 आठवडे भरण्याआधी सुरू झालेल्या खऱ्या कळा विश्रांतीला दाद देत नाहीत. त्या नियमाने येतात, अंतर कमी होत जातं. फसगत होते ती अशी, की त्या कळा वाटतच नाहीत. कंबर भरून येते, ओटीपोटात पाळीसारखं दुखतं, खाली दाब येतो, कधी जुलाब होतात. मग 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा दिला जातो, कंबर शेकली जाते आणि त्यात अख्खी रात्र जाते. मला सगळ्यात जास्त काळजी या रात्रीची वाटते.

शंका आली तर लघवी करून या, दोन ग्लास पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा आणि पोटावर हात ठेवा. एकदा पोट कडक व्हायला लागल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचं अंतर घड्याळात बघा. तासाभरात सहा वेळा झालं, तर दवाखान्यात निघा. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर मोजत बसूच नका. पाणी धो-धो जातंच असं नाही. कपडा नुसता ओला होत राहतो, आणि लघवीसारखं ते रोखता येत नाही.

'नववा लागलाय, आता कसली भीती' हेही खरं नाही. नववा लागतो तेव्हा 37 आठवडे भरलेले नसतात. आणि सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही, ही समजूत तर साफ चुकीची आहे.

गर्भपिशवीचं तोंड उघडतंय का, हे तपासल्यावरच कळतं. 34 आठवड्यांच्या आत असाल, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात: 12-12 तासांनी चार. म्हणजे दीड दिवस हाताशी हवा. कळा लांबवायची औषधं देतात ती हा वेळ मिळावा म्हणूनच. वाहन नसेल तर 102 किंवा 108 ला फोन करा, फाईल सोबत घ्या. कळा खोट्या निघून घरी पाठवलं आणि उद्या पुन्हा तसंच झालं, तर पुन्हा जा.