ऊतींवरचा दाब आणि त्यांचे विद्युत गुणधर्म

स्नायू, लिव्हर, कूर्चा, कुठलीही ऊती दाबली की तिचा इम्पीडन्स बदलतो, म्हणजे करंटला होणारा अडथळा. पेशींच्या आत-बाहेर दोन्हीकडे खारट पाणी असतं आणि आयन भरपूर, पण मधलं पेशीपटल चरबीचं, जेमतेम काही नॅनोमीटर जाड, आणि ते कॅपॅसिटरसारखं वागतं, म्हणजे हळू बदलणारा करंट अडवतं, झपाट्याने बदलणारा जाऊ देतं. ह्यूगो फ्रिके यांनी 1925 मध्ये तांबड्या रक्तपेशींवर मोजून दर चौरस सेंटीमीटरला 0.81 मायक्रोफॅरॅड असा पटलाच्या कॅपॅसिटन्सचा (भार साठवायच्या क्षमतेचा) आकडा काढला आणि त्यावरून पटलाची जाडी सुमारे 3.3 नॅनोमीटर धरली, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यायच्या आधी, हे भारीच. तर कमी फ्रिक्वेन्सीचा करंट पेशींना वळसा घालून बाहेरच्या पाण्यातून जातो, आणि मेगाहर्ट्झमधला पटल ओलांडून आतूनही जातो.

दाब दिला की सगळ्यात आधी हे बाहेरचं पाणी आणि रक्त बाजूला सरकतं. वळशाची वाट अरुंद झाली, मग कमी फ्रिक्वेन्सीला रोधकता वाढते, म्हणजे तुकड्याची जाडी-आकार बाजूला ठेवून ऊतीचा स्वतःचा अडथळा. जास्त फ्रिक्वेन्सीला फरक कमी पडतो कारण पेशीतलं पाणी जागच्या जागी असतं. दाब इतका की पटलंच फाटली, तर मात्र उलटं होतं, कमी फ्रिक्वेन्सीलाही आतून रस्ता मिळतो आणि रोधकता घसरते. म्हणून दोन्ही फ्रिक्वेन्सींवर मोजलं तर ऊती नुसती दबलीय की चिरडलीय याचा बराच अंदाज येतो.

मोजताना गोची होते ती जाडीची. 10 मिलिमीटरचा तुकडा दोन प्लेटांमध्ये दाबून 5 वर आणला, प्लेटांचा एरिया तोच, तर रेझिस्टन्स आपोआप अर्धा व्हायला हवा. तो 100 ओहमचा 100 च राहिला तर वाटतं काहीच बदललं नाही, पण खरं तर रोधकता दुप्पट झालेली असते! शिवाय आकडा एका जागी थांबत नाही, पाणी झिरपत जातं तसा तो सरकत राहतो, आणि दाब काढल्यावर कापलेल्या मांसात तो पूर्ण मूळ जागी येईलच असं नाही. त्वचेवर इलेक्ट्रोड दाबला तर कॉन्टॅक्ट सुधारूनही आकडा उतरतो, ऊतीत काही न होता, त्यामुळे करंट देणारे दोन आणि व्होल्टेज मोजणारे दोन असे चार इलेक्ट्रोड वापरलेले बरे.

कूर्चेत दाबामुळे चक्क व्होल्टेज तयार होतं. तिच्या जाळीवर ऋण भार पक्के बसलेले असतात, दाबाने पाणी वाहतं आणि सोबत धन आयन नेतं, त्यातून काही मिलिव्होल्ट मिळतात. 1957 मध्ये फुकादा आणि यासुदा यांनी सुक्या हाडात पिझोइलेक्ट्रिक परिणाम, म्हणजे दाबल्यावर पदार्थातच वीज तयार होणं, दाखवला, पण ओल्या हाडात मोठा वाटा या वाहत्या पाण्याचाच मानतात.

ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी सील करणारा बायपोलर चिमटा (करंट त्याच्या दोन टोकांमधूनच जातो) दाब आणि इम्पीडन्सच्या या नात्यावरच चालतो: आधी भिंती घट्ट दाबून मधलं रक्त काढायचं, कारण ते करंटही नेतं आणि उष्णताही, मग करंट सोडायचा, ऊती सुकली की इम्पीडन्स चढतो आणि मशीन ते बघून थांबतं. अशा चिमट्याने 7 मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या बंद होतात.

मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात इम्पीडन्स प्लेथिस्मोग्राफीची, म्हणजे इम्पीडन्सवरून हातापायातलं रक्त किती कमी-जास्त होतं ते बघायची यंत्रं बनली. त्या तपासणीत मांडीला कफ बांधून शिरा दाबतात, पोटरीत रक्त साठतं, तिथला इम्पीडन्स उतरतो, आणि कफ सोडला की पटकन चढतो. तो रेंगाळला तर खोल शिरेत रक्ताची गाठ असल्याचा संशय. आता हे काम बहुतेक ठिकाणी डॉपलर सोनोग्राफीच करते.