ल्युपसवरील औषधे

ल्युपस (सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, एसएलई) या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडे, रक्त, मेंदू यांपैकी कशालाही झळ बसू शकते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक ऐन तरुण वयातल्या. आजार मुळासकट जात नाही, औषधे वर्षानुवर्षे चालतात. म्हणून औषधाने काय होते याइतकेच ते किती मात्रेत आणि किती काळ घेतले याला महत्त्व आहे.

जवळजवळ प्रत्येक रुग्णाला मिळणारी गोळी म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. घराणे हिवतापाच्या औषधांचे. दुसऱ्या महायुद्धात हिवताप टाळण्यासाठी मेपाक्रीन घेणाऱ्या काही सैनिकांचे पुरळ आणि सांधेदुखी कमी झाल्याचे आढळले. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज यांनी ल्युपसमधील मेपाक्रीनचा गुण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि १९५५ मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला परवानगी मिळाली. गुण यायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर धीर सुटून गोळी बंद करणे ही नेहमीची चूक. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत गोळी थांबवलेल्यांमध्ये आजार उसळण्याचा धोका अडीच पट दिसला.

सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. जेवणासोबत घेतल्यास त्रास कमी होतो. काहींच्या त्वचेवर निळसर-करडे डाग पडतात. खरी भीती डोळ्यांची. दृष्टिपटलाला इजा झाली तर ती भरून येत नाही. मात्र दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत मात्रा असेल तर पहिल्या दहा वर्षांत हा धोका २ टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर तो २० टक्क्यांच्या आसपास पोचतो. साठ किलोच्या व्यक्तीला ‘एक दिवस २००, दुसऱ्या दिवशी ४००’ असे लिहून मिळते ते या हिशेबामुळे. पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे असतात. मूत्रपिंडे अशक्त असतील तर तपासणी आधीपासूनच दरवर्षी. २०२० मध्ये कोरोनावर उपाय म्हणून याच गोळीवर उड्या पडल्या. कोरोनावर ती निरुपयोगी ठरली, पण मधल्या काळात ल्युपसच्या रुग्णांना मात्र दुकाने धुंडाळावी लागली.

स्टिरॉइड (बहुधा प्रेडनिसोलोन) हे दुधारी औषध. आजार उसळला की त्याच्याइतक्या झटपट फारच थोडी औषधे आग विझवतात. पण चेहरा गोल होतो, वजन, रक्तदाब आणि साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, आणि कधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच सांधा बदलावा लागतो. दीर्घकाळ आजार असलेल्यांच्या शरीराचे कायमचे नुकसान मोजले तर त्यात स्टिरॉइडचा वाटा मोठा निघतो. २०२३ च्या युरोपीय शिफारशींनुसार कायमची मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणायची असते. चेहरा सुजला म्हणून गोळी एकदम सोडणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण तोवर शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींनी (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी) आपले काम थांबवलेले असते.

स्टिरॉइड कमी करता यावे म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधे जोडतात. ॲझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी घटू शकतात. भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ या जनुकातील फरकामुळे काहींना अगदी थोड्या मात्रेतही हे होते. मूत्रपिंडांच्या ल्युपसमध्ये मायकोफिनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड देतात. पहिल्याने जुलाब होतात. दुसऱ्याने मूत्राशयातून रक्त जाऊ शकते आणि मात्रा साठत गेल्यास बीजांडकोश निकामी होऊ शकतात. या सर्वांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आपल्याकडे त्यात क्षयरोगाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बेलिमुमॅब (२०११) आणि ॲनिफ्रोलुमॅब (२०२१) ही नवी इंजेक्शने नेमक्या रेणूंवर काम करतात, पण खर्च बहुतेकांना झेपत नाही.

गर्भधारणेचा विचार असेल तर मायकोफिनोलेट किमान सहा आठवडे आधी बंद करतात, कारण त्याने गर्भात व्यंग येते. ॲझाथायोप्रिन चालते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन तर नऊ महिने चालूच ठेवतात.