ठोसा बसतो, पण हाड कोणाचं मोडतं?

फोंड्यात पोरांना बॉक्सिंग शिकवताना एक प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकतोय: "सर, हे शिकलो की रस्त्यावर आपल्याला कोणी हरवणार नाही ना?" हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी पोरं हात मोडून घेतात.

सरावाआधी पोरगा सुमारे ४.५ मीटरची पट्टी मनगटाला, अंगठ्याला, बोटांच्या पेरांवर घट्ट गुंडाळतो. त्यावर जाड ग्लोव्ह्ज. पंजाची बारीक हाडं वाचतात ती त्यामुळे. म्हापशाच्या बाजारात भांडण जुंपलं तर मूठ उघडी, आणि समोर कपाळाचं टणक हाड! करंगळीच्या पेराखालचं हाड मोडतं; डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'च म्हणतात. १९८८ साली माइक टायसन हेवीवेट जगज्जेता होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्याची मिच ग्रीन या बॉक्सरशी रस्त्यावर मारामारी झाली, आणि टायसनच्याच उजव्या हाताचं हाड मोडलं.

मग बॉक्सिंग फुकट का? मुळीच नाही. अंतराचा अंदाज, ठोसा येताना डोळे उघडे ठेवणं, दमसास, हे सगळं अंगात मुरतं आणि खरोखर कामाला येतं. पण रिंगमध्ये समोर एकच असतो, तोही आपल्याच वजनगटातला, आणि त्याने मिठी मारली तर पंच सोडवतो. रस्त्यावर दुसरा पाठीमागून येतो. खाली डांबर असतं. पडून डोकं आपटलं तर जीवही जातो.

म्हणून पहिले काही दिवस मी ठोसा शिकवतच नाही. फक्त पावलं शिकवतो: मागे, बाजूला, आणि मोकळ्या वाटेकडे.