एका उभ्या रेघेची फरफट

'चांगला'मधला 'चा' म्हणा, 'चहा'तला नव्हे. चेचेन भाषेत त्याचा अर्थ 'नाही'. लिहिताना त्यातल्या व्यंजनापुढे एक उभी रेघ ओढली, की त्याचं होतं 'घर'. ही रेघ विरामचिन्ह नाही, चक्क अक्षर आहे. नाव 'पालोच्का', म्हणजे रशियन भाषेत छोटी काठी.

रेघेने उच्चारात काय बदलतं? आपण 'ख', 'थ' म्हणतो तेव्हा फुप्फुसातली हवा जोरात बाहेर येते. ओठांसमोर कागद धरला तर तो हलतो. इथे उलटं आहे. स्वरतंतूंमधली फट घट्ट मिटते, स्वरयंत्र वर सरकतं, तोंडात कोंडलेली हवा दाबली जाते आणि जीभ सुटताच फट्कन बाहेर पडते. फुप्फुसांचा त्यात काहीच हात नसतो. श्वास रोखून नुसता 'क' काढून बघा, अंदाज येईल. या ध्वनींना भाषाशास्त्रात 'इजेक्टिव्ह' म्हणतात, आणि कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात चेचेन, इंगुश, अवार, कबार्डियन अशा कितीतरी भाषांत ते आहेत.

1920च्या दशकात या भाषांची अरबी लिपी जाऊन रोमन आली, ती रुळते न रुळते तोच 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची लिपी, लादली गेली. रशियन वर्णमालेत हे ध्वनीच नाहीत. मग प्रत्येकासाठी नवं अक्षर घडवण्याऐवजी एकच काठी जुन्या अक्षरांना जोडली. काटकसर म्हणून युक्ती झकासच. पण काठी सगळीकडे एकच काम करत नाही: एकटी आली तर चेचेनमध्ये ती अरबी 'ऐन'सारखा घशातला ध्वनी दाखवते, तर अदिघेमध्ये गळ्यातली क्षणभराची अडकण.

घोळ झाला तो टंकलेखनात. नेहमीच्या रशियन कीबोर्डवर काठीची कळ नाही, म्हणून लोक सर्रास 1 हा आकडा टाइप करतात, नाहीतर रोमन 'आय' किंवा 'एल'. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्येही आधी फक्त मोठी, म्हणजे कॅपिटल, काठी होती. छोटीला स्वतंत्र क्रमांक मिळाला 2006 साली. डोळ्यांना सगळ्या सारख्याच, पण संगणकाला ती वेगवेगळी चिन्हं. त्यामुळे एकाने आकडा घालून लिहिलेलं 'घर' दुसऱ्याने खरी काठी घालून शोधलं तर सापडेलच असं नाही. जुना मजकूर साफ करणाऱ्या प्रोग्रॅमलाही सरसकट अदलाबदल करून चालत नाही. 'सफरचंद' हा चेचेन शब्द तर काठीनेच सुरू होतो. तेव्हा सुरुवातीचा 1 म्हणजे संख्या की फळ, हे शेजारची अक्षरं पाहूनच ठरवावं लागतं.