रेखांश ७९ आणि आपला रोव्हर

हौसेनं रोव्हर, म्हणजे आपणहून चालणारी छोटी गाडी, करायला बसलं की दोन प्रश्न समोर येतात. तिला चालवणारा स्वस्तातला बोर्ड (छोटा संगणक) कोणता घ्यायचा, आणि रोव्हरला स्वतःची जागा नेमकी कशी कळणार? मी हे दोन प्रश्न बरीच वर्षं वेगवेगळे धरले होते. ते तसे नाहीत.

जागा मोजण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन काम उत्तरेकडे सरकत राहिलं. १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. कबरही तिथेच आहे. नागपुरात झिरो माइलच्या खांबाजवळचे घोडे बघायला येणाऱ्यांनी तिथेही जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. एक जागा पक्की ठाऊक असेल तर बाकीच्या तिच्यावरून काढता येतात, हा त्या कामाचा गाभा.

जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेनं सुरू झालं, पण नागरी संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ते थांबलं आणि शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली. रस्ता शोधायला एवढं पुरतं. हातभर लांबीच्या रोव्हरला नाही.

पुढची मजल मारली आरटीके (रिअल-टाइम किनेमॅटिक) या पद्धतीनं. उपग्रहाच्या संदेशाची लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची असते. रिसीव्हर त्या लहरीचाच भाग मोजतो. दुसरा रिसीव्हर ठाऊक असलेल्या जागी स्थिर ठेवला, की दोघांच्या सामाईक चुका वजा होतात आणि सेंटिमीटरपर्यंत पोचता येतं. म्हणजे लॅम्बटनचाच विचार. नव्वदच्या दशकात ही यंत्रं सर्वेक्षण करणाऱ्यांनाच परवडत. टोमोजी ताकासू यांनी आरटीकेलिब हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यानंतर यू-ब्लॉक्स कंपनीचं झेडईडी-एफ९पी हे रिसीव्हर मॉड्यूल आलं, आणि हौशी माणसाच्या हातात हे तंत्र पडलं.

बोर्डांचा इतिहास त्या मानानं थोडका. इटलीतल्या इव्रेआत २००५ साली ८ बिटी चिपचा आर्डुइनो बोर्ड जन्मला. २००९ मध्ये आर्डुपायलट हे वाहन आपणहून चालवणारं सॉफ्टवेअर तसल्याच ८ बिटी चिपवर सुरू झालं, पण पुढे त्या चिप सोडून ३२ बिटींवर गेलं. मेमरी आणि वेग दोन्ही अपुरे पडले होते. रास्पबेरी पाय पिको २०२१ मध्ये चार डॉलरला आला, तेव्हा ३२ बिटी बोर्ड महाग हे कारणही उरलं नाही.

दोन्ही प्रश्न एकमेकांत कसे अडकतात, ते मला मैदानात कळलं. चुन्याची रेघ आखली होती, आरटीके फिक्स (सेंटिमीटरपर्यंतची पक्की जागा) मिळाला होता, तरी रोव्हर रेघेच्या कडेकडेनं नागमोडी चालत होता. लॅपटॉपवर रेखांश बघत बसलो. बराच वेळ ७९.०८८१५०, आणि मग थेट ७९.०८८१५८. मधले आकडे कधी येतच नव्हते. आर्डुइनो उनो या ८ बिटी बोर्डावर प्रोग्रॅममध्ये 'डबल', म्हणजे जास्त अचूक दशांश संख्या, लिहिलं तरी ती चारच बाइटची राहते, आणि ७९ अंशांपाशी अशा संख्येची एक पायरी नागपूरच्या अक्षांशावर जवळपास ७९ सेंटिमीटरची पडते. रिसीव्हर सेंटिमीटर देत होता, बोर्ड ते गिळत होता. आर्डुपायलट अक्षांश-रेखांश अंशाच्या एक कोटीव्या भागात, पूर्णांक म्हणून साठवतं. उनोवरही तसं करता येतं, पण अंतर-दिशेचं गणितही सांभाळून लिहावं लागतं. पिको किंवा ईएसपी३२ या ३२ बिटी बोर्डांवर आठ बाइटचा खरा 'डबल' मिळतो.

म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगतो, बोर्ड स्वस्तातला पण ३२ बिटी घ्या आणि उरलेला पैसा रिसीव्हर-अँटेनात घाला. दुसरा रिसीव्हर गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली पक्का बसवा. तो परवडत नसेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स स्थानकांच्या (ठाऊक जागी कायम बसवलेल्या रिसीव्हरांच्या) दुरुस्त्या इंटरनेटवरून घेता येतात. लॅम्बटनचं सर्वेक्षण पुढे याच विभागात विलीन झालं.